पाळलेले आणि न पाळलेले

मराठी घराच्या अवतीभवती प्राण्यांची दोन कुटुंबे नांदत असतात. एक कुटुंब पाळलेले. त्यातील कुत्र्याला नाव असते, मांजराला दुधाची वाटी असते आणि दोघांच्याही दुखण्याखुपण्याला पशुवैद्य असतो. दुसरे कुटुंब न पाळलेले. आंब्याच्या फांदीवरून वळचणीकडे धावणारी खार, कुंपणावर ऊन खात बसलेला सरडा, दिव्याखालची पाल, मोरीपाशी येऊन बसणारा बेडूक, भिंतीच्या कडेने सरकणारे मुंगूस, जास्वंदीवर झुलणारा शिंजीर आणि तसबिरीमागे काड्या जमवणारी चिमणी हे सारे त्या दुसऱ्या कुटुंबातले. त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नसते. आणि पुष्कळदा तर घर बांधले जाण्यापूर्वीपासून त्यांचे तेथे वास्तव्य असते. ही दोन्ही कुटुंबे एकाच अंगणात वावरतात, आणि त्यांची गाठ पडते तेव्हा बहुधा दुसऱ्या कुटुंबातील कोणीतरी जिवाला मुकते.

असा प्रसंग घडला की घरात क्षणभर हळहळ व्यक्त होते. मुले रडवेली होतात, वडीलधारी माणसे मांजरावर काठी उगारतात आणि ‘त्याची जातच ती, त्याला कोण काय करणार’ असे म्हणून विषय संपवला जातो. या उद्गारातील पहिला भाग खरा आहे. मांजराची जात शिकाऱ्याचीच आहे. त्याला पाप-पुण्याचा हिशेब विचारणे व्यर्थ होय. परंतु दुसरा भाग मात्र खरा नाही. मांजराला घरी आणणारा, त्याला खाऊपिऊ घालणारा आणि दार उघडून त्याला अंगणात सोडणारा माणूस पुष्कळ काही करू शकतो. मांजर निर्दोष आहे म्हणून त्याचा धनीही निर्दोष ठरत नाही. पाळीव प्राण्यांवरील प्रेमाचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

वस्तुतः न पाळलेल्या जीवांचा विचार या भूमीला नवा नाही. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाची गणना होते. गाईचा घास, कावळ्याचा घास आणि कुत्र्याचा घास काढून मगच जेवायला बसण्याची रीत अनेक घरांत होती. मुंग्यांच्या वारुळावर पीठ-साखर टाकणाऱ्या आजीबाई आजही गावोगावी भेटतात. सेतुबंधनाच्या वेळी वाळूचे कण वाहून नेणाऱ्या खारीच्या पाठीवरून प्रभू रामचंद्रांनी हात फिरवला आणि तेव्हापासून तिच्या अंगावर पट्टे उमटले, ही कथा तर लहान मुलांनाही ठाऊक असते. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग त्या कथेतूनच मराठीत रूढ झाला. सार्वजनिक कार्यासाठी देणगी देताना ज्या खारीचे नाव आपण विनयाने घेतो, त्याच खारीला स्वतःच्या अंगणात सुरक्षिततेचा वाटा मिळतो की नाही, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. जुन्या काळच्या भूतदयेचे साधन घास हे होते. आजच्या भूतदयेला घास पुरत नाही. तिला थोडी व्यवस्था लागते, थोडी शिस्त लागते.

ही शिस्त पूर्वी का लागली नाही, याचे कारण परिस्थितीच्या पालटात आहे. वाड्यातले किंवा कोकणातल्या वाडीवरचे मांजर अर्धपोटी असे. घरातून त्याला ताकभात मिळे, उरलेले पोट ते कोठारातल्या उंदरांवर भरी. त्याची संख्याही आपोआप मर्यादित राही. कारण भक्ष्य कमी झाले की शिकारी कमी होतात, हा सृष्टीचा हिशेब त्यालाही लागू होता. आज शहरातील मांजराला दोन्ही वेळा पोटभर खाणे मिळते, लस मिळते, थंडीपावसापासून निवारा मिळतो. हे सर्व इष्टच आहे. पण त्यामुळे तो जुना हिशेब मोडतो. अंगणातील खारी आणि चिमण्या निम्म्याने घटल्या, तरी मांजरांची संख्या घटत नाही. कारण त्यांचे जगणे खारींवर अवलंबून नसून धन्याच्या ताटलीवर अवलंबून आहे. शिवाय पोट भरले म्हणून शिकारीची ऊर्मी शमत नाही. भूक आणि शिकार या मांजराच्या बाबतीत दोन वेगळ्या प्रेरणा आहेत. म्हणूनच भरल्या पोटाचे मांजर पक्षी मारते आणि तो न खाताच उंबऱ्यावर आणून ठेवते. एकीकडे झाडे, वळचणी आणि कौलारू छपरे कमी होत चालली आहेत, आणि दुसरीकडे उरल्यासुरल्या झाडाखाली असा भरल्या पोटाचा शिकारी उभा आहे. दुसऱ्या कुटुंबाची ही खरी कोंडी आहे.

या कोंडीची व्याप्ती किती असू शकते याची कल्पना परदेशातील अभ्यासांवरून येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मांजरे दरवर्षी एक अब्ज तीस कोटी ते चार अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज तेथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यातील मोठा वाटा मोकाट मांजरांचा असला, तरी घरच्या मांजरांचा वाटाही दुर्लक्षणीय नव्हता. न्यूझीलंडमधील स्टीफन्स बेटाची कहाणी तर सर्वश्रुत आहे. तेथे १८९४ च्या सुमारास दीपगृहाची वसाहत झाली आणि वसाहतीबरोबर मांजरे आली. त्या बेटावर एक चिमुकला, उडू न शकणारा पक्षी राहत होता. विज्ञानाला त्याची ओळख होते न होते तोच, अवघ्या काही वर्षांत, तो नामशेष झाला. एकाच मांजराने सारी जात संपवली अशी दंतकथा पुढे पसरली. ती अतिशयोक्त आहे. परंतु माणसाबरोबर आलेल्या मांजरांनीच तो घास घेतला याविषयी वाद नाही.

हे दाखले आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे अर्थातच योग्य होणार नाही. भारत हे एखादे एकाकी बेट नाही. रानमांजर आणि मुंगूस येथे सनातन काळापासून आहेत, आणि त्यांच्यापासून जीव वाचवण्याची विद्या येथील खारींना जन्मजात अवगत आहे. शिकारी दिसताच शेपटीला झटके देत ती जो किरकिरा ‘चिक्‌-चिक्‌’ असा धोशा लावते, तो ऐकून आसपासचे पक्षीही सावध होतात. तेव्हा मांजरांमुळे खारींची जातच नष्ट होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न जातीचा नसून त्या अंगणाचा आहे. एखाद्या वसाहतीतील दोन-चार झाडांवर जेमतेम तग धरून असलेली खारींची आणि बुलबुलांची वस्ती एकदा उठली की ती पुन्हा वसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. कारण पलीकडे आता राई नाही, सिमेंटची इमारत आहे.

याबाबतीत काही आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा. जीवावर जीव जगतो हा सृष्टीचा नियम असताना माणसाने मध्ये का पडावे, असे विचारले जाते. हा प्रश्न रानातल्या शिकाऱ्याविषयी रास्त आहे. मुंगसाने सरडा पकडला किंवा शिक्र्याने चिमणी उचलली, तर त्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या मांजराचे अन्न, औषध आणि निवारा माणसाने पुरवला आहे, त्याच्या बाबतीत माणूस आधीच मध्ये पडलेला आहे. जन्मापासून मध्ये पडायचे आणि जबाबदारीच्या क्षणी सृष्टिनियमाकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मांजर मोकळे नसेल तर उंदरांचा बंदोबस्त कोण करणार? चिचुंद्र्या आणि लहान उंदीर यांच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे. पण मोठ्या उंदरांपुढे आणि घुशींपुढे मांजराचा पराक्रम आपण समजतो तितका नाही. न्यूयॉर्कमधील कचरा-प्रक्रियेच्या एका आवारात संशोधकांनी ७९ दिवसांचे चित्रण तपासले आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. तेवढ्या अवधीत तेथील मांजरांनी प्रत्यक्ष मारलेले उंदीर होते फक्त दोन. उंदीर वाढतात ते उघड्या कचऱ्यामुळे. आणि, सांगण्यास संकोच वाटला तरी, कुत्र्या-मांजरांसाठी अंगणात रात्रभर ठेवलेल्या अन्नामुळेही वाढतात. त्या ताटलीवर प्रथम घूस येते आणि घुशीच्या मागोमाग धामण किंवा नाग येतो. मग सर्वांनाच भय वाटते आणि विषाची पुडी आणली जाते. ते विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घरचे मांजर खाते किंवा रात्री गव्हाणी घुबड उचलते. गोळी उंदरासाठी असते. पण तिचा मार्ग त्याच्यापाशीच थांबतो असे नाही. खारीलाही ती गोळी आणि शेंगदाणा यांतील भेद कळत नाही. तेव्हा संध्याकाळी ताटली उचलून धुऊन ठेवणे आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण लावणे हा मूषक-निर्मूलनाचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय होय.

आता मांजराकडे वळू. त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, या प्रश्नावर उंदरांची सभा मोडली ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. शास्त्रज्ञांनी आता असे दाखवले आहे की, घंटा बांधली असती तरी उंदरांचे फारसे भले झाले नसते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतील ३५५ मांजरांवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. घंटेचा शिकारीवर म्हणण्याजोगा परिणाम त्यांना आढळला नाही. याउलट, ज्या मांजरांना मांसजन्य प्रथिनांनी युक्त असा आहार दिला गेला, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. आणि ज्यांच्याशी घरच्या माणसांनी रोज पाच-दहा मिनिटे दोरी-पिसांचा खेळ खेळला, त्यांची शिकार २५ टक्क्यांनी घटली. यातील बोध साधा आहे. मांजराला दूधभातावर ठेवून त्याच्याकडून शाकाहाराची अपेक्षा करणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे आणि खारीवरही. त्याच्या जातीला मानवणारे अन्न आणि त्याच्या ऊर्मीला वाट करून देणारा खेळ घरातच मिळाला, तर अंगणातील रक्तपात बराच टळतो.

त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे मांजराला घरकोंबडे करणे. खिडक्यांना आणि सज्जाला जाळी लावली तर हे अशक्य नाही. आणि त्यात मांजराचाही लाभ आहे, कारण मोटारी, मोकाट कुत्री आणि विष या तिन्हींपासून ते वाचते. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी निदान वेळ तरी पाळावी. खार ही दिवसा वावरणारी आहे. पहाटे आणि सकाळी ती व पक्षी दाणापाण्यासाठी खाली उतरतात. तो काळ आणि रात्रीचा काळ मांजर घरात ठेवले, तरी मोठा अनर्थ टळतो. त्याची योग्य वेळी शस्त्रक्रिया करून घेणे हे तर कर्तव्यच मानले पाहिजे. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून मंडईत सोडून देणारी माणसे स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थच हरवतो.

कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो खारीच्या मागे धावतो, खार झाडावर चढते, तो खाली उभा राहून भुंकतो; येथवर दोघांचेही काही बिघडत नाही. परंतु जमिनीवर अंडी घालणारी टिटवी आणि घरट्यातून पडलेले पिल्लू यांना झाड नसते. टेकडीवर फिरायला नेलेल्या कुत्र्याचा पट्टा सोडून देण्याची हौस अनेकांना असते; पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर मोर आहेत याचे त्यांना कौतुक असते, पण त्या मोरांनाही पिल्ले असतात याचे भान नसते. पट्टा कुत्र्याच्याही हिताचा आहे. पावसाळ्यात अंगणात येणाऱ्या भेकाच्या कानामागे विषग्रंथी असतात. त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो आणि कधी त्याच्या जिवावरही बेतते. अशा वेळी तोंड पाण्याने धुऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावे. दोष मात्र भेकाला देऊ नये. त्याच्यापाशी दुसरे शस्त्र नाही.

खारीविषयी तक्रारी नाहीत असे नाही. ती पेरू कुरतडते, चिकू अर्धवट खाऊन टाकते, दूरध्वनीची तार तोडते, उशीचा कापूस पळवते. पण काटेसावरीच्या फुलांतील मध चाखताना परागाची वाहतूकही तीच करते. तिने छपरात घर करू नये असे वाटत असेल तर ती घर करण्यापूर्वीच भोके बुजवावीत. आत पिल्ले असताना बुजवली तर ती कोंडून मरतात. चिकट गोंदाचे सापळे तर कोणीही वापरू नयेत. त्यांत उंदराबरोबर खार, पाल आणि चिमणीही अडकते आणि तडफडून मरते. घरट्यातून पिल्लू पडले असेल, तर त्याला लगेच उचलून गाईचे दूध पाजण्याची घाई करू नये. त्या दुधाने पोट बिघडते आणि ते श्वासनलिकेत गेले तर प्राण जातो. पिल्लाला ऊब देऊन, खोक्यात घालून, त्याच झाडापाशी उंचावर ठेवावे आणि कुत्र्या-मांजराला काही तास घरात बंद करावे. पुष्कळदा आई येते आणि पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. मांजराच्या तोंडातून सुटलेली खार मात्र वरून धडधाकट दिसली तरी तिला उपचारांची गरज असते. मांजराच्या दातांतील जंतूंनी तिचा एक-दोन दिवसांत अंत होऊ शकतो. अशा वेळी महाराष्ट्राच्या वन विभागाचा १९२६ हा मदत-क्रमांक उपयोगी पडतो.

रोगाची भीती हाही एक मुद्दा आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. खार किंवा उंदीर चावल्याने रेबीज झाल्याची उदाहरणे जवळजवळ नाहीत. माणसांतील रेबीजच्या शंभरांतील नव्व्याण्णव घटना कुत्र्यामुळे घडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुंगसाच्या चाव्याची मात्र उपेक्षा करू नये. म्हणजे रोगाच्या भीतीने खारीला हुसकावणारा माणूस जर आपल्या कुत्र्याला लस टोचून घेत नसेल, तर तो भलत्याच दारावर पहारा देत आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माणसांचेच प्रश्न सुटलेले नसताना खारींची चिंता कशाला? परंतु येथे सुचवलेल्या उपायांपैकी जाळीचा आणि पशुवैद्याचा खर्च सोडला, तर बाकीच्यांना पैसा लागत नाही. ताटली उचलण्याने कोणत्याही गरिबाचा घास जात नाही. उलट, उघडा कचरा, घुशी आणि लस न टोचलेली कुत्री यांचा पहिला उपद्रव झोपडीतल्या माणसालाच होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने जे थैमान घातले, त्याचे जंतू उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातूनच पाण्यात आले होते. अंगणाची शिस्त ही सार्वजनिक आरोग्याचीही शिस्त आहे.

या कामी कायद्याचे बळही कमी नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ५१-अ कलमात वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी करुणा या दोन्हींचा एकाच वाक्यात समावेश आहे. आपल्याकडे मात्र हे दोन प्रवाह वेगळेच वाहत राहिले. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. निसर्गाचा अभ्यास करणारी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली. एका परंपरेने पाळलेल्यांचे अश्रू पुसले, दुसरीने न पाळलेल्यांची नोंद ठेवली. आज गरज आहे ती या दोहोंची अंगणात गाठ घालून देण्याची. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना देण्याची पद्धत आहे. त्या परवान्याबरोबर धन्याच्या कर्तव्यांचे एक पानी पत्रक देणे कठीण नाही. गृहनिर्माण संस्थांनी मांजरे हाकलून देण्याचे ठराव करण्याऐवजी झाकणाचे डबे आणि झाडाभोवती कुंपण यांचे ठराव करावेत. शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना शाळेच्या आवारातील खारी, सरडे आणि पक्षी यांची वर्षभर नोंद ठेवायला सांगावे. ज्या प्राण्याची आपण नोंद ठेवतो, त्याचे नाहीसे होणे आपल्या लक्षात येते. इतरांचे येत नाही.

मराठीत ‘पाळणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. प्राणी पाळतात आणि नियमही पाळतात. भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सांभाळले आहेत. व्यवहारात मात्र पहिला अर्थ लोकप्रिय झाला आणि दुसरा मागे पडला. मांजर अथवा कुत्रा घरी आणणाऱ्याने दुसरा अर्थही घरी आणला पाहिजे. आपल्या मांजरावर प्रेम करणे फारसे अवघड नाही; ते मांडीवर येऊन बसते, गुरगुरते, त्या प्रेमाची परतफेड करते. खार कधीच मांडीवर येणार नाही. तिच्यासाठी सकाळी दोन तास दार लावून घेण्याची तयारी असणे, हीच भूतदयेची खरी कसोटी आहे.